चौथा तुकडा

परवा पायात काटा मोडला, सुनेने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला आमच्या ह्यांची सुई आठवली. वीसेक वर्षं झाली त्याला. एक्सरेत फुफ्फुसावर गाठ दिसली म्हणून मुरबाडच्या डॉक्टरांनी ठाण्याला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मशीनवर बघत बघत पाठीतून बारीक सुई घालू, गाठीचे तुकडे काढू, मग कॅन्सर आहे का ते कळेल. मी बाहेर देवाचं नाव घेत बसले, आत हे पालथे. हलायचं नाही, बोलायचं नाही. "दुखलं तर माझा हात दाबा," म्हणून सिस्टरने चादरीखाली ह्यांचा हात धरला. आता हे म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे सौदे करणारे! तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. डॉक्टर म्हणाले, "चार तुकडे घेऊ." ह्यांनी गपकन सिस्टरची दोन बोटं दाबली. "डॉक्टर, थांबा, काकांना दुखतंय!" ती ओरडली. "नाय ओ बाय, दुखत नाय," हे म्हणाले, "चार लय होतात, दोनात बसवा." डॉक्टर हसले, "तीन. आता हलू नका." हे सगळं मला सिस्टरनेच बाहेर येऊन पोट धरून हसत सांगितलं. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, टीबीची गाठ होती, गोळ्यांनी विरणारी. मी तिथेच रडायला लागले, तर हे म्हणतात, "रडतेस काय गो? एक तुकडा वाचवला ना मी!" अजूनही हे खोकले की माझा जीव खालीवर होतो, आणि मग तो वाचलेला तुकडा आठवून हसूच येतं.