पडद्यावरच्या लग्नाला अक्षता

विनोदी सिनेमाला नाक मुरडणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याला माहेरी असताना असे सिनेमे काढणाऱ्या एका दिग्दर्शकाचा एकही सिनेमा मी सोडला नव्हता. घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी, ड्रायव्हर बनून तिच्या घरात घुसलेला नायक, एक थाप झाकायला दुसरी थाप, आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला भलताच नवरा! नायिका नायकापेक्षा चार पावलं पुढं. बोलणं इतकं भरभर, की एका वाक्याला हसत बसलं की पुढचं निसटलंच. आणि एवढा गोंधळ घालूनही त्यात दुष्ट माणूस एक नसायचा. सगळे आपले हट्टी आणि बावळट. म्हणून मला ते सिनेमे फार आवडायचे.

लग्न होऊन आले ती माधवनगरच्या पलीकडच्या एका गावात, ऊसवाल्यांच्या घरी. नवरा फौजेत. एकाहत्तरच्या लढाईनंतर पहिल्या लांब रजेवर आले आणि घरच्यांनी लग्नाचा बार उडवून दिला. महिना झाला तरी हे बोलेनात. "वाढू का?" "व्हय." "आणखी भाकरी?" "नको." अहो, त्यापेक्षा भिंत बरी! मी यांना पसंत नाही, असंच मी धरून चालले होते. शेवटी एकदा सासूबाई चुलीपुढं म्हणाल्या, "तुज्यावर राग न्हाई गं त्याचा. लढाईवरनं आल्यापास्नं त्यो हसलाच न्हाई. आदी लय हसायचा." रजेचे आठ दिवस उरले होते. माणूस असाच मुका परत गेला तर काय करायचं, या काळजीनं मला घास गोड लागेना.

तेवढ्यात सांगलीत त्याच दिग्दर्शकाचा सिनेमा लागला. मी हट्टच धरला. नव्या जोडप्यानं एकटं थेटरात जायचं म्हणजे गावाला आयता विषय. म्हणून सासूबाई बरोबर आल्या आणि भडंगाचा, तिखट चुरमुऱ्यांचा, पुडा घेऊन आमच्या दोघांच्या मधोमध बसल्या. त्यांचा हा जन्मातला दुसरा सिनेमा. पहिला देवाचा होता, तो त्यांनी हात जोडून बघितला होता.

मी पोट धरून हसत होते. हे पहाऱ्यावर उभं असल्यासारखे ताठ. माझा धीर सुटत चालला. पडद्यावर शेवटचा गोंधळ सुरू झाला: नायिका भलत्याच नवऱ्यापुढं उभी, मधे अंतरपाट, आणि खरा नायक उसन्या सायकलवरून सुसाट येतोय. मंगलाष्टकं लागली. 'सावधान' ऐकलं मात्र, सासूबाईंचा हात सवयीनं पुड्यात गेला आणि मूठभर भडंग पुढच्या टोपीवाल्याच्या डोक्यावर! त्यांचं बघून मागच्यापुढच्या बायकांनीही हातात होतं ते उधळलं. लग्नाला आलेल्या बाईचा हात रिकामा कसा राहील?

मग अंतरपाट सरला, आणि सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्या ताडकन उठल्या. "आवं भटजी, थांबा! त्यो नवरा न्हवं! मी अक्षता टाकल्या की वं, आता कसं?"

अख्खं थेटर फुटलं. आणि त्यात मला सासूबाईंच्या पलीकडून एक अनोळखी हसू ऐकू आलं. हे हसत होते! पुढच्या खुर्चीवर डोकं टेकून, धाप लागेपर्यंत. मला इतका आनंद झाला म्हणता! पण हसता हसता त्यांचे खांदे वेगळेच हलायला लागले. हे रडत होते.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यापाशी ते पहिल्यांदा सलग बोलले. "मेढ्याकडचा एक गडी हुता माज्या तुकडीत. लगीन ठरलं हुतं त्याचं. मला म्हनायचा, अक्षता टाकायला तू पायजेस. त्यो माज्या शेजारी गेला, आये. त्याच्या आईला मी अजून तोंड दावलं न्हाई. काय म्हनून जाऊ? मी जित्ता हाय म्हनून?"

सासूबाईंनी भर रस्त्यात पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "उद्याच जाऊया. मी येते संगं. माजा ल्योक माघारी आला, तिचा न्हाई आला. तिच्यापुढं उबं ऱ्हायची लाज वाटायचीच, तर मला वाटंल. तुला का रं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. साताऱ्यापासून मेढ्यापर्यंत हे त्या मित्राबद्दलच बोलत होते. आणि मी, जिला माहेरी कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, नुसती ऐकत होते.