तेल चालतं, पाणी चालत नाही

ड्रायव्हरमामा पाण्याच्या फेरीला निघण्याआधी कोरड्या राखेनं हात घासायचे. कोपरापर्यंत, कातडी लाल होईस्तोवर. "पान्याला तेलाचा वास लागला तर लोक म्हनतील, मामानं पानी बाटवलं," असं म्हणून स्वतःच हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. कारण एवढं घासूनही टँकरच्या तोटीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. आमच्या गावच्या शेतकी सोसायटीचा छोटा ट्रॅक्टर ते चालवायचे, दुष्काळात त्याला टँकर जोडून लांबच्या विहिरीवरून अख्ख्या गावाला पाणी आणायचे. पण मामा बौद्ध वस्तीतले, म्हणून तोटी चेअरमनचा पुतण्या सोडायचा. मामा लांब लिंबाखाली उभे.

ट्रॅक्टरला मात्र ते घरच्यासारखं जपायचे. "यंत्राला पोट असतंय," म्हणायचे, "पोटात घान ठिवून काम मागू न्हाय." नांगर उचलेनासा झाला तेव्हा त्यांनी हायड्रॉलिकचं तेल बदलायला काढलं. नांगर जमिनीवर टेकवला, इंजिन थोडं फिरवून तेल कोमट केलं, खालचा बोल्ट सोडला. कापलेल्या पिंपात काळपट तेल पडू लागलं तशी माणसं डबे घेऊन आली. बैलगाडीच्या आखाला जुनं तेल लई कामाचं. मामा डबड्यानं एकेकाचा डबा भरत होते. तेल त्यांच्या बोटांवरून ओघळून डब्यात पडत होतं. कुणाला विटाळ झाला नाही. रांगेत सगळ्यात पुढे माझे वडील, अण्णा.

मी समतेची पत्रकं वाटत गावोगाव फिरणारा. सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, तुमच्या हातचं तेल यांना चालतं, मग पाणी का चालत नाही?"

"पुढारी, तुला आज दिसलं व्हय?" मामा म्हणाले. मग त्यांनी डबडं खाली ठेवलं. "पोरगं बराबर बोलतंय. उद्यापास्नं तोटी म्या सोडनार. ज्याला चालतंय त्यानं तेल न्यावं."

मग अण्णा पुढे झाले आणि त्यांनी आपला भरलेला डबा पिंपात परत ओतला. त्यांच्यामागून एकेकानं ओतला. माणसाच्या हातचं पाणी नको म्हणून फुकटचं तेल सोडणारं गाव, आणि त्या गावाचा पहिला माणूस माझा बाप.

थोड्या वेळानं चेअरमनचा निरोप आला: चावी द्या. ट्रॅक्टरचं पोट अजून रिकामंच होतं. मी म्हणालो, "तसाच द्या. याच तेलात गिअर फिरतात ना? झिजू द्या, मग बसतील बोंबलत."

"आन् वस्तीला पानी काय तुझी पत्रकं आनतील?"

त्यांनी नवं तेल फडक्यातून गाळून भरलं, नांगर दोन-चारदा उचलून टेकवून पाहिला, सीट पुसली आणि चावी दिली.

दुसऱ्या दिवशी टँकर नव्या ड्रायव्हरनं आणला. वस्तीला नेहमीप्रमाणे शेवटी पाणी. मी घागर घेऊन तिथं गेलो. मामांनी आपली कळशी भरून घेतली होती.

"घरी सांगून आलास का?"

"नाही."

"मग नीट धर." त्यांनी कळशी माझ्या घागरीत रिती केली. दुपारच्या एसटीनं ते ढोकीला, साखर कारखान्यावर काम बघायला गेले. गावात पुन्हा राहायला आले नाहीत.

ती घागर अण्णांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ओसरीवरच राहिली. संध्याकाळी आई बाहेर आली, अण्णांच्या समोर बसली आणि तांब्या बुडवून घोट घोट पाणी प्याली.