उलट्या पायांपाशी चपला

आमच्या गावच्या धक्क्यावर सिमेंटचा एक माणूस बुडी मारतो आहे. कमरेपासून तो चौथऱ्यात गेलेला, वर फक्त दोन पाय. समुद्र तसा लांब, पण भरतीचं खारं पाणी सावित्री नदीतून आमच्यापर्यंत चढतं. चौथरा पाण्याखाली गेला की वाटतं, हा आत्ताच खाली गेला. पाय आमच्या ह्यांचे आहेत.

ह्यांनी उमेदीची वर्षं खाडीत बुड्या मारून बादलीने वाळू काढली. त्यात एक कान गेला. शिल्प करणाऱ्या बाईंनी ह्यांच्याच पायांचा साचा घेतला. प्लास्टर वाळेपर्यंत हे ओटीवर नवरदेवासारखे बसून होते आणि मी चहा हातात नेऊन देत होते.

उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ फोडला आणि त्या पायांना झेंडूचा हार घातला. सासूबाई ताडकन उठल्या.

"काढा तो हार! माझा पोर जिता हाय!"

लोक हसले. ह्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. "काय झालं?"

"तुम्हाला श्रद्धांजली वाहिली."

"बरं. चहा हाय ना पण?"

सासूबाईंना हसू आलं नाही. घरी येऊन त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी लेकाची दृष्ट काढली. पण लोक थांबेनात. नारळी पौर्णिमेला हार, कोणी नवी गाडी घेतली तरी हार. दर वेळी सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी धक्का उतरायच्या आणि हार काढायच्या. एकदा शेवाळावरून घसरल्या.

"मी काढत जाईन, आई," मी म्हटलं.

"तुला सवड होईस्तवर तो पोराच्या गळ्यातच ऱ्हाईल गो."

हे वाळूला जायचे तेव्हा चपला काठावर काढून होडीत चढायचे. सासूबाई भाकरी घेऊन त्या चपलांशेजारी बसून राहायच्या. चपला काठावर, म्हणजे माणूस पाण्यात आहे आणि वर येणार आहे. हे आठवलं आणि त्या सिमेंटच्या पायांपाशी चपला बसवायला मी सरळ गवंड्याला धक्क्यावर बोलावलं.

पिशवीतून ह्यांच्या तुटक्या चपला काढल्या, तर सासूबाईंनी नाक मुरडलं. "ह्या? पोर काय भिकारी हाय माझा?"

हे खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. मागे काढून ठेवलेल्या नव्या चपला सासूबाईंनी उचलल्या आणि गवंड्याला दिल्या. "अंगठे घराकडं कर रे. वर आला की पाय घालंल नि सरळ घरी येल."

मी अडवेपर्यंत चपला ओल्या सिमेंटात बसल्या होत्या.

त्यानंतर हार बंद झाले. चपलांपाशी फुलं ठेवायला कोणाचा हात धजत नाही. त्या दिवशी मात्र ह्यांनी एकदा चौथऱ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि तुटक्या चपलांत पाय घातले. फटक फटक वाजवत ते घराकडे निघाले. सासूबाई त्या आवाजामागून, सावकाश.