गाडीच्या आखाला घालायचं तेल

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझी आई पालमहून एसटीनं आली, ती मांडीवर करडईच्या तेलाचा डबा घेऊन. घरच्या करडईचं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल. माझ्या थोरल्या जावेनं झाकण उघडून वास घेतला आणि आईच्या तोंडावर गड्याला हाक मारली, "ह्ये ने रे, गाडीच्या आखाला घाल. आमी वनस्पती तूप खातो." आई खाली बघत बसली. मी तेव्हा गिळलं, पण विसरले नाही.

पुढं काही वर्षांनी भायांच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली. परभणीच्या डॉक्टरनं वनस्पती तूप आणि मटण बंद केलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ आणि तेल खायचं ते करडईचं. जाऊ मलाच म्हणाली, "तुझ्या आईकडून एक डबा मागव की गं." मी लगेच मागवला. असली संधी कोण सोडतं?

हळूहळू भायांना लागणारा दम कमी झाला, ते पायी रानात जायला लागले. एकदा अंबाडीच्या भाजीवर कच्चं तेल ओतून घेताना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "लय चांगलं तेल हाय. इतकी वर्षं आपल्या घरात का नव्हतं?"

भायांसमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मी त्या दिवशी मन भरून पाळली. तेलाची वाटी जावेपुढं सरकवली आणि ती काय सांगते ते ऐकायला पदराआड उभी राहिले.