बोटीत दोनच जागा

"सर, आप फिर साँस रोक रहे हैं," तो पोरगा म्हणाला.

अंदमानच्या एका बेटावर छातीभर समुद्रात आम्ही उभे होतो. पाठीवर हवेचं सिलिंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, डोळ्यांवर काच आणि तोंडात रबराची नळी. पाण्याखाली गुडघे टेकून बसायचं आणि नळीतून तोंडाने श्वास घेत राहायचं, एवढंच काम होतं. ते शिकवणारा इन्स्ट्रक्टर माझ्या धाकट्या पुतण्याच्या वयाचा. पण डोकं पाण्याखाली गेलं की माझी छाती आपोआप बंद व्हायची. भरलेली छाती म्हणजे फुगा. गुडघे जमिनीला लागायच्या आत मी वर.

मी नळी काढून म्हणालो, "नहीं ले रहा हूँ तो आपकी ही हवा बच रही है ना? उसमें क्या बिगड़ा?"

"सर, हवा बचानी नहीं है. लेनी है. साँस पकड़के ऊपर आओगे तो अंदर की हवा फूलेगी. फेफड़ा फट सकता है."

मला काही कळेना. पाण्यात श्वास धरायचा नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

माझा धंदा पाण्याचाच. पलूसजवळ सबमर्सिबल पंपांचं दुकान आहे. सबमर्सिबल म्हणजे बोअरमध्ये बुडून चालणारी मोटर. पण सुरुवात दुकानाने झाली नाही, विहिरीत उड्या मारून झाली. पंपाच्या पाइपाच्या तळाला एक झडप असते, तिला फुटव्हॉल्व म्हणतात. त्यात पालापाचोळा अडकला की पंप पाणी ओढेनासा होतो. मग लोक मला बोलवायचे. मी छाती भरून बुडी मारायचो, तळाशी चाचपडत कचरा काढायचो आणि वर यायचो. बापाने मला दुकान दिलेलं नाही. माझ्या दमाने दिलंय. आणि आता हा पोरगा सांगत होता, दम धरू नका.

तसा मी बेटावर मासे बघायला आलोच नव्हतो. कंपनीने चांगल्या विक्रीबद्दल डीलरांना जोडीने फिरायला आणलं होतं. विक्री आम्ही करायची आणि उपकार त्यांचे, असा तो प्रकार. मला मात्र एकच काम होतं, माझा एरिया वाचवायचा. एरिया म्हणजे ज्या गावांत त्या कंपनीचा पंप फक्त तुम्हीच विकू शकता ती गावं. कुंडल माझ्या एरियात. तिथे हा पंप कुणी ओळखत नव्हतं तेव्हा मी डोक्यावर मोटर घेऊन बांधाबांधाने फिरलोय. आता कंपनीला तिथे दुसरा डीलर हवा होता. विट्याचा संपत त्यावर डोळा ठेवून होता, आणि तोही टूरवर होता.

निर्णय मेहेंदळे साहेबांच्या हातात. ते आमचे एरिया मॅनेजर, पुण्याचे. विमानात, हॉटेलात, नाश्त्याला, मी जवळ गेलो की त्यांना कुणाचा तरी फोन यायचा.

"शिंदे, इथे आपण सुट्टीवर आहोत. परत गेल्यावर बोलू."

"परत गेल्यावर तुमी सही करून मोकळे व्हाल, साहेब."

"हे बघा, माझं ऐकून तरी घ्या..."

"ऐकायचं काय त्यात? कुंडल माझं हाय. दुसरा डीलर चालणार न्हाई. विषय संपला."

मी आवाज चढवला की ते चहा अर्धा ठेवून उठायचे.

मग मला स्कूबाचं कळलं. आधी किनाऱ्याजवळ सराव, तो जमला की बोटीने आत खडकापर्यंत. बोट छोटी, एका वेळी दोनच पाहुणे. बोटीतून साहेब पळून कुठे जाणार? मी बुकिंगवाल्याला गाठलं, गोड बोललो, ओरडलो, पुन्हा गोड बोललो आणि साहेबांच्या बोटीत माझं नाव घालून घेतलं. संपतला नंतरच्या फेरीत ढकललं. सौदा पक्का झाला असं मला वाटलं.

आणि आता माझ्या शेजारी मेहेंदळे साहेब, ज्यांना पोहताही येत नाही, पाण्याखाली मांडी घालून बसल्यासारखे बसले होते. नळीतून बुडबुडे सोडत होते. त्यांचा इन्स्ट्रक्टर टाळ्या वाजवत होता. मी पुन्हा बुडालो. पुन्हा छाती बंद. पुन्हा वर.

माझं डोकं तापलं. आणि डोकं तापलं की माझा एक ठरलेला डाव आहे. घासाघीस अडली की मी उठतो, चपला घालतो, दाराकडे चालायला लागतो. मागून हाक येतेच. "ओ शेठ, बसा की, चिडताय काय!" सांगलीच्या पेठेत माझे निम्मे सौदे दाराजवळ मिटलेत.

मी पट्टा सोडला, सिलिंडर त्या पोराच्या हातात दिलं. "नहीं जमता. मैं चला." आणि किनाऱ्याकडे निघालो. मुद्दाम सावकाश.

मागून आवाज आला, पण तो मला नव्हता.

"नेक्स्ट!"

वळून बघितलं तर रबरी सूट घालून रांगेतली आमची बायको पाण्यात उतरत होती. सुमन. हिला पोहायला येत नाही. विहिरीच्या काठाशीही कधी गेली नाही. दुकानाचं काउंटर तेवढं सांभाळते.

"अगं, तू कुठं?"

"तुमची जागा मोकळी झाली न्हवं? फुकट कशाला घालवायची?"

ती नळी तोंडात घालून खाली बसली आणि तिथेच राहिली. बुडबुडे वर येत राहिले, पिठाची गिरणी चालावी तसे, एका लयीत. थोड्या वेळाने बोट आली. साहेब चढले, ती चढली, आणि माझा सगळा बेत खडखड करत समुद्रात निघून गेला.

संपत शहाळं पीत शेजारी येऊन उभा राहिला.

"आण्णा, हिरीत तर लय पवत हुता म्हणं."

"गप."

"वैनी गेल्या की ओ साहेबांबरं. आता काय बोलत असतील?"

"ती काय बोलणार? तिला धंद्यातलं काय कळतंय?"

संपत हसला नाही. उलट शहाळं खाली ठेवून तो बोटीकडे बघत राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा जरा धाकधूक वाटली.

बोट परत आली तेव्हा साहेब लहान मुलासारखे हसत होते. "शिंदे, तुमच्या मिसेस म्हणजे कमाल! मी तर उडी मारायच्या वेळी घाबरलो होतो. यांनी मला धीर दिला."

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, ते पोरगं सांगतंय तेवढंच करा. आपलं डोकं लावू नका." ती केस पुसत होती. "मासे लय भारी होते ओ. हळदीगत पिवळे."

"मासे मरू देत. कुंडलचं काय?"

"झालं ते."

"काय झालं?"

"येताना त्यांनीच विषय काढला. वरून ऑर्डर हाय म्हणाले, दुसरा डीलर करायचाच. पण कोण करायचा ते ठरलं न्हाई. तेच तुमाला सांगायला बघत हुते, तुमी ऐकून घेईना. मी म्हटलं, मग माझ्या नावानं द्या. कुंडल माझं माहेर. निम्मं गाव मला आक्का म्हणतंय. मोटर बंद पडली की फोन मलाच येतोय. साहेब म्हणाले, हे शिंदे आधी का नाही बोलले?"

मी पलंगावर बसलो. कुंडल वाचलं होतं. कुंडल गेलंही होतं. संपतला मिळालं नाही, याचा आनंद करावा तर मलाही मिळालं नव्हतं. कंपनीवर चिडावं तर कंपनीने माझ्याच घरात दिलं होतं. कुणावर ओरडायचं तेच कळेना. त्या रागात मी बराच वेळ श्वास धरून बसलो असणार, कारण ती म्हणाली, "आवं, श्वास घ्या की."

कुंडलला बसस्टँडजवळ आता तिचं दुकान आहे. पाटीवर तिचं नाव. मोटर बसवायला फिटर म्हणून मी जातो. पहिल्याच आठवड्यात बसवणुकीच्या दरावरून तिने माझ्याशी घासाघीस केली. माझ्याशी! जो पडेल दर मी परक्या गिऱ्हाइकाकडूनही ऐकून घेत नाही तो तिने मला सांगितला. मी चिडून उठलो, चपला घातल्या आणि दाराकडे निघालो. मुद्दाम सावकाश.

हाक आली नाही. दाराबाहेर बाकावर विट्याचा एक फिटर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मला बघून हात जोडले.

मी आत येऊन बसलो. तिचा दर कबूल केला.

कंपनीने माझ्यावर अन्याय केला हे माझं मत आजही कायम आहे. पण धंद्यातल्या माणसांना एक सांगतो. रागाने उठायला हरकत नाही. उठायच्या आधी रांगेत मागे कोण उभं आहे, तेवढं बघून घ्यावं.