अकरा महिन्यांचा करार

ट्रक गल्लीत उभा होता आणि कदमांच्या घराच्या अंगणात दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. कदम वायुसेनेतून त्याच आठवड्यात रिटायर झालेले, वॉरंट ऑफिसर म्हणून. ट्रकमध्ये काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर. कदमवहिनी ड्रायव्हरशेजारी बसून होत्या. संधिवातामुळे त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागे. कदमांनी कोपऱ्यावरच्या पीसीओतून मला फोन केला. "ताई, आमच्या घरात कुणीतरी राहतंय. त्याच्याकडे सरकारी कागद आहे."

मी तेव्हा लखनौच्या कचेरीत घरभाड्याच्या केसेस चालवत असे. माहेर साताऱ्याचं, वकिली पुण्यात शिकलेली, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इथे आले. कदमही साताऱ्याकडचेच, म्हणून घरोबा. रिक्षा करून मी पोचले.

घरात तिवारी नावाचे सिंचन खात्यातले क्लार्क बायको-मुलांसह राहायला आले होते. माणूस वाईट नव्हता. वहिनींसाठी त्यांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली. मग हात जोडून म्हणाले, "बहनजी, हमने ताला नहीं तोड़ा. हमको तो सरकार ने दिया है." त्यांनी दाखवलेला कागद अगदी अस्सल होता. ती अलॉटमेंट ऑर्डर होती.

वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते. त्या काळी उत्तर प्रदेशात जुनं घर मालकाला आपल्या मर्जीने भाड्याने देता येत नसे. घर रिकामं झालं की रेंट कंट्रोल ऑफिसरला खबर द्यायची. भाडेकरू कोण, ते तो ठरवणार. त्या नेमणुकीच्या हुकमाला अलॉटमेंट म्हणत. मालकाला स्वतः राहायचं असेल, तर तसा अर्ज करून घर आपल्यासाठी सोडवून घ्यायचं. याला रिलीज म्हणत. खबर न देता भाडेकरू ठेवला, तर तो कितीही वर्षं राहो, कायद्याच्या लेखी घर रिकामंच. नव्या बांधकामांना यातून काही वर्षं सूट असे. कदमांचं घर जुनं होतं. गावची जमीन भावाला विकून, वहिनींना जिना चढावा लागू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तळमजल्याचं घेतलेलं.

बदल्यांच्या काळात त्यांनी तीन भाडेकरू ठेवले. प्रत्येकाशी अकरा महिन्यांचा करार. आपल्याकडे ही रीतच आहे. अकरा महिने झाले की नवा कागद करायचा किंवा माणूस बदलायचा, म्हणजे घर सुरक्षित, असं आपण धरून चालतो. शेवटचा भाडेकरू गेल्यावर कदमांनी कुलूप लावलं आणि जोधपूरला नोकरीचे उरलेले दोन महिने काढायला गेले. तेवढ्यात कुणीतरी कुलूप पाहिलं, तिवारींचा अर्ज गेला, रेंट कंट्रोलचा इन्स्पेक्टर येऊन घर रिकामं असल्याचा रिपोर्ट लिहून गेला. नोटीस दाराला चिकटवली. कायद्यापुरती ती कदमांना मिळाली. कुलूप शिपायाने उघडलं.

त्या करारांचा मसुदा माझा होता. लखनौला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कदमांनी विचारलं आणि मी पुण्यात शिकलेला मसुदा तिथल्या तिथे सांगितला, त्यांनी वहीत उतरवून घेतला. इथला कायदा मी तोवर उघडूनही पाहिला नव्हता. पुढे पाहिला, त्याच्यावर पोट भरू लागले, तेव्हाही कदमांना एक पत्र टाकावं हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. ओशाळवाणं वाटलं, म्हणून टाकलं नाही.

मी अलॉटमेंट रद्द करण्याचा आणि रिलीजचा अर्ज केला. गरज खरी होती, त्याबद्दल वाद नव्हता. अडचण एकच होती. इतकी वर्षं खबर का दिली नाही, याचं समाधानकारक कारण हवं होतं. कारण एकच होतं, वकिलाचा चुकीचा सल्ला. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, असं कोर्टं कधीकधी मानतात. पण मग ते मला अर्जात लिहावं लागलं असतं, प्रतिज्ञापत्र करावं लागलं असतं आणि केस दुसऱ्या वकिलाकडे द्यावी लागली असती. मी लिहिलं, "अनभिज्ञतेमुळे." कदमांनी वाचून सही केली.

रेंट कंट्रोल ऑफिसरसाहेबांपुढच्या सुनावणीला कदम कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आपला कारभार चोख आहे हे दाखवायला त्यांनी तिन्ही करारांची फाईल स्वतःच साहेबांपुढे ठेवली. मी नको म्हणेपर्यंत ती उघडलीसुद्धा. साहेबांनी पानं चाळली. तीन भाडेकरू, तीन वेळा कायदेभंग, तारखांसकट.

"अनपढ़ आदमी के काग़ज़ तो नहीं हैं ये," साहेब म्हणाले. "किसने बनाए?"

मी उभीच होते. अंगात काळा कोट होता. 'मी' एवढंच म्हणायचं होतं.

कदमांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मैंने ही बनवाए, साहब. पूना में एक टाइपिस्ट से."

"किसी वकील से पूछा था?"

"नहीं, साहब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नथिंग टु ॲड, सर." हे वाक्य मला अजून ऐकू येतं आणि अजून माझीच लाज वाटते.

अर्ज फेटाळला गेला. हुकमात लिहिलं होतं की मालक सुशिक्षित आहे, त्याने जाणूनबुजून आणि वारंवार कायदा मोडला. बाहेर व्हरांड्यात मी काही बोलू पाहत होते, तर कदम म्हणाले, "ताई, तुम्हाला अजून इथेच वकिली करायची आहे." आणि सायकल काढायला गेले.

वरच्या कोर्टात रिव्हिजन केली. ती वर्षानुवर्षं तारखा घेत राहिली. कदमांना लखनौच्याच सरोजिनी नगरात दोन खोल्या मिळाल्या, त्याही दुसऱ्या मजल्यावर. वहिनी दवाखान्याखेरीज खाली उतरेनाशा झाल्या.

घर भाड्याने देणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. ज्या गावात घर, त्या गावचा कायदा वाचा. ओळखीच्या वकिलाने फुकट आणि घाईत सांगितलेल्यावर विसंबू नका. चूक कळली तर त्याच दिवशी बोला. यातलं शेवटचं वकिलांसाठी आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी मला वर बोलावलं होतं. शेजारणी बसलेल्या. वहिनींनी वाकड्या झालेल्या बोटांनी मला कुंकू लावलं आणि त्या बायकांना म्हणाल्या, "ये हमारी वकील हैं. हमारे घर के लिए इन्होंने कुछ बाकी नहीं रखा." कदम दारात उभे होते. मी वाण घेतलं आणि त्यांच्या शेजारून जिना उतरले.