थर्झाची तिरकी खिडकी

थर्झा व्हाउल्सनं सरकारी साहेबाला परसातल्या संडासात कोंडून घातलं, ही बातमी शनिवारी दुपारपर्यंत कूमफर्ड गावभर झाली. पोस्टाच्या दुकानात पोचेपर्यंत साहेबांची कोठडी दोन तासांवर गेली होती. खरं एवढंच, की ओल्या हवेत ते दार फुगतं आणि आपलं आपण अडकतं. साहेब आत होते चार मिनिटं. थर्झानं लाथ मारून दार सोडवलं. हातातला चहा तेवढा आधी संपवला.

साहेब म्हणजे पेटिफर, जुन्या घरांवर देखरेख करणारे. थर्झाचं गवती छपराचं घर वारसा-यादीत आहे, संडासासकट. काही बदलायचं म्हटलं की परवानगी. आणि थर्झाला हवी होती नवी खिडकी. माडीवरची चौकट कुजलेली, झडप मिटायची नाही, वारा थेट उशीवर. ऑक्टोबरपासून बाई, वय वर्षं बहात्तर, खाली स्वयंपाकघरात खुर्चीत बसून झोपत होती.

पेटिफर मात्र खिडकीच्या प्रेमात. "काय झुकलीय बघा. तीनशे वर्षं घर खचत गेलं, तशी चौकटही कलली. ही बदलता यायची नाही, मिसेस व्हाउल्स. थोडी डागडुजी करू."

"तीनशे कसली, माझ्या राजा?" थर्झा म्हणाली. पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळेच तिचे राजे. "माझ्या बापानं बसवलीय ती. खाली शिडी धरून मीच उभी होते."

"असेल. पण यादीत सतराव्या शतकातली म्हणून नोंद आहे."

"मग यादीला झोपवा त्या पलंगावर."

पेटिफर हसले, पण हलले नाहीत. तेव्हा थर्झानं चौकटीच्या आतल्या बाजूची सैल फळी दाखवली. "ही तुम्हीच काढा. मी काढली तर गुन्हा व्हायचा."

त्यांनी काढली. त्या भागातले सुतार आपल्या कामावर कुणाला दिसणार नाही अशा जागी नाव लिहून ठेवतात. फळीच्या पाठीवर जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं : ए. चब, मे १९५८. चब हे थर्झाचं माहेरचं आडनाव.

साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि वही उघडली. नवी चौकट करायला हरकत नाही, झडप मिटणारी चालेल. मात्र घर यादीत आलं सदुसष्ट साली, आणि तेव्हा खिडकी तिरकीच होती. सबब नवीही हुबेहूब तेवढीच तिरकी पाहिजे, आणि करायची ती जुन्याच पद्धतीनं.

"वडिलांची काम करायची पद्धत आठवते का तुम्हाला?" त्यांनी पेन सरसावून विचारलं.

थर्झा म्हणाली, "आठवते ना. सकाळपासून सफरचंदाची दारू पीत होता. सुताराला पाजायचं मी बघते, तुम्ही फक्त परवानगीत तसं लिहून द्या."